वाटा

आमच्याकडे मासळी तोलत नाहीत.
ओंजळ ओतायची, बोटांनी सारखी करायची,
वर एक जाडसा बांगडा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी.
झाला वाटा.
आई लांबूनच सांगायची
टोपलीत किती कोडी, बर्फाखाली किती मऊ पडलेली.
चुकली नाही कधी.
तीच नजर घेऊन मी प्रसूतिकक्षात आले
आणि अकरा वर्षं नोंदवहीत लिहीत राहिले,
रक्तस्राव: सर्वसाधारण.

प्रणाली जांभारकर, बुधल. दुसरी खेप.
मुलगी झाली. तिला काट्यावर घातलं,
ग्रॅमपर्यंत लिहिलं.
आईचं रक्त
चादरीत गेलं, बोळ्यांत गेलं,
बादलीत फिनेलच्या पाण्यात मिसळलं,
थोडं माझ्या चपलेखाली.
किती? डॉक्टर मुकादमनी फोनवर विचारलं.
मी बघितलं.
म्हटलं, अडीचशे असेल.

सिस्टर, पंखा बंद करा, ती म्हणाली,
थंडी वाजतेय.
एप्रिल होता.
मी पंखा बंद केला.

रक्तपेढी घाटापलीकडे.
शृंगारतळीपर्यंत मी तिच्या कपाळावरचा घाम पुसत होते.
पुढे पुसण्यासारखं काही नव्हतं.

आठव्या दिवशी बैठक.
मी घरून पाठ करून गेले होते:
गाडी उशिरा आली, हिमोग्लोबिन मुळातच आठ,
नवरा सहीला सापडेना.
सगळं खरंच होतं.
पण डॉक्टर मुकादम उठल्या, म्हणाल्या,
आधी माझं लिहा.
मी अडीचशे ऐकलं आणि कूस बदलली.

मग कुणालाच पाठ केलेलं म्हणता येईना.
फळ्यावर नावं नाही लिहिली, नुसत्या वेळा.
तीन दहा, पंखा.
तीन चाळीस, दुसरा फोन.
मधल्या तीस मिनिटांची जागा कोरी.
फळा नंतर पुसला. ती जागा पुसली गेली नाही.

आता बाईखाली पिशवी लावतो,
नरसाळ्यासारखी, आरपार दिसणारी, अंगावर रेघा.
तीनशेला पिवळी, पाचशेला लाल.
लालची वाट बघायची नाही.
पिवळीला पोचलं की चार जणी एकदम,
एक पोट चोळते, एक सुई, एक सलाईन,
एक फक्त घड्याळ मोठ्यानं वाचते.
लाइट गेली तर कारखान्यातून रौफ बर्फ पाठवतो,
सुरमईच्या पेट्यांना जातो तोच.
फडक्यात गुंडाळलेल्या कुप्या त्यावर गार राहतात.
खोलीला कधी कधी बंदराचा वास येतो.
बाळंतिणी तक्रार करत नाहीत, त्यांच्या ओळखीचा आहे.

मागच्या गुरुवारी नाझिया खलफे.
पिवळी बघता बघता बुडाली.
मी आरोळी दिली. माझ्याच गळ्यातून आई ओरडली,
लिलावात ओरडायची तशी.
साडेचारशेवर थांबलं.
सकाळी तिनं चहा मागितला,
साखर कमी म्हणून कुरकुरली.
नोंदवहीत हे कुठं लिहायचं?
जे झालं नाही, त्याला रकाना नसतो.

बाजारात चंद्राबाय बसते, प्रणालीची आई,
माझ्या आईच्या जागेपासून चौथी.
सहा वर्षं मी त्या रांगेला वळसा घालून
चढ्या भावानं मासळी घेतली.
काल शिरले.
बाजूला फ्रॉकातली पोर कोळंबी सोलत होती,
भरभर, खाली न बघता.

म्हातारी म्हणाली,
आता पिशवी लावतात म्हणं.
हो.
तवा नव्हती?
नव्हती.
केवढ्याला पडते गो?

फळीवर मांदेलीचे तीन वाटे होते.
मी एकाकडे बोट केलं.

ती त्या वाट्याकडे बघत राहिली.
मग त्यातली एक मांदेली उचलून शेजारच्या वाट्यात टाकली,
जरा थांबली,
आणि परत काढून घेतली.